पाऊल मोजावे की चेहरा ओळखावा?

(मंडळाच्या वार्षिक सभेत दिलेले भाषण)



‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली नीती’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारे आयुष्य मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेला माणूस आहे. या विषयातील जाणकार तरुण आपल्या ज्ञातीत आज पुष्कळ आहेत. कोणी पुण्यास आहेत, कोणी बंगळुरास, कोणी परदेशी. यंत्र कसे घडवावे हे त्यांनीच सांगावे. परंतु यंत्राकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हा प्रश्न केवळ जाणकारांचा नाही. तो घरोघरीचा आहे, आणि यंदा तर तो आपल्या मंडळाच्याच दारी येऊन उभा राहिला आहे. म्हणून हे धाडस करीत आहे. अधिकउणे झाल्यास आपण सांभाळून घ्यालच.

प्रथम ही वस्तू काय आहे, ते थोडक्यात पाहू. पूर्वीच्या गणकयंत्रास माणूस नियम सांगत असे आणि यंत्र त्या नियमाने हिशेब करीत असे. आताच्या यंत्रास नियम सांगत नाहीत. त्याच्यापुढे लक्षावधी उदाहरणे ठेवतात, आणि त्यांवरून ते आपले ठोकताळे आपणच बांधते. लहान मूल व्याकरण न शिकता घरातले बोलणे ऐकून बोलू लागते, त्यातलाच हा प्रकार. मात्र घरात शिव्या असतील तर मूल शिव्याही उचलते. यंत्राचेही तसेच आहे. फरक एवढाच की, ‘असे का बोललास?’ म्हणून मुलाला जवळ घेऊन विचारता येते. यंत्राने अमुकच निष्कर्ष का काढला, हे मात्र पुष्कळदा त्याच्या कर्त्यालाही नीट सांगता येत नाही.

आता हा विषय आपल्या नाशिकच्या मातीत आणून पाहू. २७ ऑगस्ट २००३ हा दिवस येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. सिंहस्थाचे शाही स्नान होते. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गर्दी कोंडली, चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक प्राणास मुकले. अशा प्रसंगी माणसे तुडवली जाऊन मरतात, असे आपण समजतो. वस्तुतः पुष्कळ जण उभ्या उभ्याच गुदमरतात. एका चौरस मीटर जागेत पाच-सहांहून अधिक माणसे दाटली, की गर्दी पाण्यासारखी लाटांनी हलू लागते. मग कोणाचे पाय कोणाच्या ताब्यात राहत नाहीत, आणि छातीवर एवढा दाब येतो की श्वास घेता येत नाही. मागच्या माणसास पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून तो ढकलीतच राहतो. अपराधी असा कोणीच नसतो, आणि तरीही माणसे मरतात.

पुढला सिंहस्थ २०१५ साली आला. त्यापूर्वी अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेत अध्यापन करणारे आपले नाशिकचे सुपुत्र श्री. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने येथे ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सिंहस्थातील अडचणींवर स्थानिक तरुणांनीच उपाय शोधावेत, हा त्याचा हेतू. त्या उपक्रमात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी एक चटई तयार केली. तिचे नाव ‘आशिओतो’, म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईवर पाऊल पडले की दाब नोंदला जाई, आणि किती माणसे या वाटेने गेली याचा आकडा तत्काळ व्यवस्था पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचे. २०१५ च्या सिंहस्थात ती प्रत्यक्ष वापरण्यात आली.

मंडळी, त्या चटईची थोरवी तिच्या स्वस्ताईपुरती मर्यादित आहे, असे मला वाटत नाही. ती पाऊल मोजते, पण पाऊल कोणाचे हे तिला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक करून घेण्याचा हव्यासही तिला नसतो. श्रीमंताचे पाऊल एक, गरिबाचेही एकच. साधूचे एक, आणि आपल्या घरच्या म्हातारीचेही एकच. गर्दीत माणसे मरू नयेत एवढे एकच काम तिच्याकडे आहे, आणि त्या कामास जेवढे जाणणे अवश्य, तेवढेच ती जाणते.

याच्या उलट चेहरा ओळखणारे कॅमेरे घ्या. असा कॅमेरा प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करतो, आणि ते आकडे आपल्याजवळच्या यादीतील आकड्यांशी ताडून साम्य किती ते सांगतो. साम्य शंभर टक्के कधीच येत नाही. म्हणून किती साम्यास ‘जुळले’ म्हणावयाचे, हे माणसानेच ठरवावे लागते. दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात, ८० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास ते जुळले असे धरतो व पुढे अन्य पुरावा पाहतो, असे म्हटले होते. ही रेघ ८० वरच का, ७० वर वा ९० वर का नाही, याचा निवाडा कोणत्या सभेत झाला, हे सामान्य नागरिकास कळावयास हवे.

शिक्षकाची सवय म्हणून एक गणित आपल्यापुढे मांडतो. समजा, एका पर्वणीस दहा लक्ष माणसे आली आणि त्यांत पोलिसांना हवे असलेले दहा गुन्हेगार आहेत. समजा, यंत्र इतके चांगले आहे की ते दहाही जण हुडकते, आणि निरपराध माणसाच्या बाबतीत हजारात एकदाच चुकते. हजारात एक चूक म्हणजे आपण त्यास उत्तम गुण देऊ. पण दहा लक्षांस हजारांनी भागा. एक हजार निरपराध माणसांवर यंत्र बोट ठेवील. म्हणजे एक हजार दहा वेळा घंटा वाजली, तर त्यांत खरे गुन्हेगार दहाच! दर शंभर घंटांमागे नव्याण्णव वेळा उभा केलेला माणूस सज्जन असेल. घंटा ऐकून धावणाऱ्या शिपायास हे गणित कोणी शिकविलेले नसेल, तर गोदेच्या स्नानाला आलेल्या त्या यात्रेकरूवर कोणता प्रसंग ओढवेल, याची कल्पना आपणच करावी.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, आपण यंत्राची एकच बाजू सांगता. गर्दीत हरवलेली आजी याच कॅमेऱ्यामुळे तासाभरात सापडली तर?’ आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. हरवलेल्या माणसाचे छायाचित्र त्याच्या घरच्यांनी आपण होऊन दिले, त्यावरून शोध झाला आणि माणूस सापडल्यावर ते पुसून टाकले, तर त्याला कोण हरकत घेईल? हरकत आहे ती एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लावण्यास. आजी शोधण्यासाठी टिपलेले लक्षावधी चेहरे पुढे कोणाच्या दप्तरात राहतात, किती वर्षे राहतात आणि कोणास दाखविले जातात, हा खरा प्रश्न आहे.

येथे मला आपल्या ज्ञातीची जुनी रीत आठवते. लग्नकार्यासाठी मंडळाची सामाईक भांडी असत. पातेली, पराती, घंगाळी, पळ्या. आणि प्रत्येक भांड्यावर मंडळाचे नाव घातलेले असे. भांडी मोजून न्यावयाची, कार्यापुरती वापरावयाची आणि घासूनपुसून मोजून परत करावयाची. नेणाऱ्याने ती परस्पर तिसऱ्याला द्यावयाची नाहीत, मग विकण्याची गोष्ट दूरच राहिली. आपल्या चेहऱ्याची, आवाजाची, जन्मतारखेची माहिती ही आपली नाव घातलेली भांडीच होत. ती उसनी दिली तरी मालकी आपलीच राहते.

यंत्रे येत्या सिंहस्थात येणार, हे निश्चित आहे. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे, आणि गर्दीच्या नियोजनास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याचे शासनाने जाहीर केलेले आहे. मी त्याचे स्वागतच करतो. परंतु प्रयागराजचा धडा आपण विसरू नये. तेथे २०२५ च्या महाकुंभात असे बुद्धिमान कॅमेरे मोठ्या संख्येने लावलेले होते. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे, मौनी अमावास्येस, चेंगराचेंगरी झाली, आणि शासनाने त्या वेळी जाहीर केलेली मृतांची संख्या ३० होती. यंत्राने पाहिले तरी वाट मोकळी माणसालाच करावी लागते. इशारा मिळाल्यावर कोणी, किती मिनिटांत, कोणता दरवाजा उघडावयाचा, हे आधी ठरलेले नसेल तर तो इशारा कागदावरच राहतो.

यातूनच जबाबदारीचा प्रश्न निघतो. आपल्या भांडीबाजारात घेतलेला हंडा गळू लागला, तर गिऱ्हाईक हंड्याला बोल लावीत बसत नाही. ते दुकानदाराकडे जाते, आणि दुकानदार घडविणाऱ्याकडे. यंत्राच्या बाबतीत मात्र ‘संगणकाने असे सांगितले’ या एका वाक्यापाशी सारे थांबतात. तेलंगणात शिधापत्रिकांच्या छाननीस ‘समग्र वेदिका’ नावाची संगणकीय व्यवस्था लावलेली होती. तेथे नामसाधर्म्यामुळे रिक्षा ओढणाऱ्या एका गरीब माणसाच्या नावे मोटार असल्याचे यंत्राने धरले, आणि त्याच्या कुटुंबाचे धान्य बंद झाले. रद्द झालेल्या शिधापत्रिकांची घरोघर जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश अखेर सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली द्यावा लागला. नेदरलँड्ससारख्या प्रगत देशातही असेच घडले. मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या साहाय्याची छाननी तेथे यंत्राच्या ठोकताळ्यांवर सोपविली गेली, हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला आणि कित्येक कर्जबाजारी झाली. त्यापायी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेथे निदान राजीनामा देणारा कोणी तरी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

बंधु-भगिनींनो, आता मी जरा कडू बोलणार आहे. यंत्र उदाहरणांवरून शिकते असे मी आरंभी म्हटले. ही उदाहरणे येतात कोठून? आपल्याच कागदांतून. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन या कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी असे यंत्र तयार केले होते. मागील दहा वर्षांचे अर्ज त्यास दाखविले, आणि त्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता. तेवढ्यावरून यंत्राने स्त्रियांच्या अर्जांस कमी गुण द्यावयास आरंभ केला! पुढे कंपनीस ते यंत्र सोडून द्यावे लागले, आणि २०१८ साली ही गोष्ट जगजाहीर झाली. यंत्रास स्त्रियांविषयी आकस नव्हता. कंपनीची जुनी रीत त्याने प्रामाणिकपणे गिरविली, एवढेच.

आपल्या देशाच्या कागदांत काय काय आहे? आडनाव वाचून माणसाची जात ओळखावी आणि जात ओळखून त्याची लायकी ठरवावी, ही विद्या आपल्याला कोणत्याही यंत्राने शिकविलेली नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. मूल पाळण्यात असतानाच त्याचा भविष्यकाळ सरकारी वहीत लिहून ठेवलेला असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो किती पुसला गेला, हे आपण जाणतो. तीच जुनी दप्तरे आणि तेच जुने संशय यंत्रास शिकवण म्हणून दिले, तर तोच शिक्का पुन्हा उमटेल. या वेळी मात्र त्यास शास्त्राचे नाव मिळेल, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालणे अधिक कठीण होईल.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या वहीकडेही पाहू या. आपल्या जुन्या स्मरणिका मी या भाषणाच्या निमित्ताने पुन्हा चाळल्या. वधूच्या माहितीत ‘वर्ण’ हा रकाना वर्षानुवर्षे छापलेला आहे. अपेक्षेच्या रकान्यात ‘गोरी’ आणि ‘गृहकृत्यदक्ष’ हे शब्द इतक्या वेळा आले आहेत की मोजता मोजता मी थकलो. हे मी कोणास दूषण देण्यासाठी सांगत नाही. वधू-वर समितीवर मी काही वर्षे काम केले आहे, आणि त्या नमुन्याचे रकाने मीच माझ्या हाताने आखलेले होते. त्या वेळी त्यात काही गैर आहे असे मला वाटले नाही. सावळ्या मुलीच्या आईने तो रकाना भरताना लेखणी क्षणभर का थांबवावी, हे तेव्हा माझ्या ध्यानात यावयास हवे होते.

आज हा प्रश्न निकडीचा का झाला, ते सांगतो. एका व्यावसायिक संस्थेने मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे. आपली वधू-वर नोंदवही व मागील सर्व स्मरणिका तिच्या स्वाधीन कराव्यात, म्हणजे तिचे यंत्र स्थळे जुळवून देईल, आणि त्याबद्दल मोबदला घेणार नाही. हेतू चांगला असेल. दूरदेशी राहणाऱ्या मुलामुलींची गाठ पडणे कठीण झाले आहे, हेही खरे. परंतु जो दाम मागत नाही तो काय नेतो, हे पाहून घेणे व्यवहाराला धरून आहे. आपल्या स्मरणिकेत नाव, पत्ता, दूरध्वनी, मुलांच्या जन्मतारखा, कोण कोणाचा मामा नि कोणाचे आजोळ कोठले, हे सारे आहे. आज थोडासा नमुना मिळाला तरी माणसाचा हुबेहूब आवाज यंत्राला काढता येतो. सचिन तेंडुलकर यांचे खोटे चित्र व आवाज वापरून केलेल्या एका जाहिरातीविषयी खुद्द त्यांनीच जानेवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले. आशाताई भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली मनाई केली. थोरामोठ्यांना न्यायालय आहे. पण रात्री नातवाच्या आवाजात ‘आजोबा, अपघात झाला, पैसे पाठवा’ असा निरोप आला, तर आपल्यातील वृद्धाने कोठे जावे? नातवाचे नाव नि आजोळ त्या ठकास आपल्याच स्मरणिकेने पुरविलेले असेल!

कायदा काय म्हणतो? खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या हेतूने माहिती घेतो ते सांगणे, संमती घेणे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईबापांची संमती घेणे, ही त्याची मुख्य सूत्रे. शासनाच्या काही संस्थांना सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, म्हणून नागरिकांनी जागे राहणे अवश्य आहे. परंतु कायदा हे कुंपण आहे. कुंपणाच्या आतले घर नीट ठेवणे हे घरच्यांचेच काम.

म्हणून प्रस्ताव फेटाळावा असे मी म्हणत नाही. तो पुढील अटींवर विचारात घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली अट, प्रत्येक कुटुंबास लेखी विचारावे, आणि विवाहेच्छू मुलाची वा मुलीची स्वतःची संमती घ्यावी; वडिलांची सही पुरेशी मानू नये. दुसरी, माहिती स्थळे जुळविण्यापुरतीच वापरावी, अन्य यंत्रांना शिकविण्यासाठी वा तिसऱ्यास देण्यासाठी वापरू नये, आणि विवाह जमताच किंवा कोणी मागणी करताच ती पुसून टाकावी. तिसरी, चूक झाल्यास उत्तर देणारा एक माणूस, त्याच्या नावानिशी, करारपत्रात नमूद असावा. ‘यंत्राने केले’ हे उत्तर मंडळाने स्वीकारू नये. या तीन अटी संस्थेस मान्य नसतील, तर प्रस्ताव आदरपूर्वक परत करावा.

याखेरीज दोन गोष्टी आपल्याच हाती आहेत. येत्या वर्षापासून स्मरणिकेत लहान मुलांच्या जन्मतारखा छापू नयेत. आणि वधू-वर नमुन्यातील ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. ज्याने तो आखला, त्यानेच हा ठराव मांडावा हे उचित होय, म्हणून मी तो आजच्या सभेपुढे मांडत आहे. घरोघरी एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा. पैशाचा निरोप आला की प्रथम तो शब्द विचारा, मग आवाज कोणाचा का असेना.

नाशिकच्या एका शाळकरी मुलास जे सुचले, त्यातच माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार आहे. माणसाचा जीव वाचविण्यास जेवढे जाणणे अवश्य, तेवढेच जाणावे, आणि अधिक जाणण्याचा मोह आवरावा. यंत्राला हा संयम आपोआप येणार नाही. तो त्याच्या कर्त्याजवळ असावा लागतो, आणि माहिती देणाऱ्या आपल्याजवळही.